भोईरबाईंना सापडलेली गाणी

भोईरबाईंनी मला एकदाच गाणं शिकवायचा प्रयत्न केला आणि पाच मिनिटांत सोडून दिला. "शिंदेबाय, तुमचा आवाज सरळ हाय," त्या म्हणाल्या, "रुळासारका. त्याला वळनच नाय." मी गणिताची शिक्षिका. सरळ असण्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. पण सूर न कळणाऱ्या या बाईलाच त्यांनी आपलं गुपित सांगितलं, आणि परक्या शहरात जायची वेळ आली तेव्हा सोबतीलाही मलाच नेलं, याचं मला अजून नवल वाटतं. कदाचित सूर कळत नाही म्हणूनच नेलं असेल.

कर्जतच्या मुलींच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. मधे भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. माझा त्रैराशिकाचा तास आणि त्यांचा गाण्याचा तास एका वेळी आला की माझ्या मुली पेन्सिलीने बाकावर ठेका धरायच्या आणि उत्तरं चुकवायच्या. मी दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा भोईरबाई स्वतः माझ्याकडे आल्या, तक्रार बरोबर आहे म्हणाल्या, आणि कुठल्या ठेक्याला जास्त उत्तरं चुकली ते विचारून गेल्या.

दिसायला उंच, काळ्यासावळ्या, हाडापेराने मजबूत. अंबाड्यात अबोलीचा गजरा, पायांत एक अंगठा तुटलेल्या चपला, आणि बोलणं असं की जणू समोरचा माणूस भाताची चार खाचरं पलीकडे उभा आहे. त्या मूळच्या कडावकडच्या, राहायला भावाकडे दहिवलीत. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण वर्गाबाहेर पाऊल पडलं की हाय आणि नाय सुरू. बसून त्यांना काही सुचत नसे. परीक्षेत पर्यवेक्षणाला त्या असल्या की बाकांच्या रांगांतून फिरत राहायच्या, ओठ हलत असायचे, आणि पेपर गोळा होईपर्यंत एक नवी चाल तयार असायची. ती विसरू नये म्हणून खडूने तळहातावर खुणा करायच्या. ते हात तसेच घेऊन डबा खायला बसायच्या.

समूहगानासाठी मुली निवडायची त्यांची एक तऱ्हा होती. मुलीच्या कमरेवर पाण्याने भरलेली कळशी द्यायची आणि विहिरीपासून शाळेच्या ओट्यापर्यंत गात यायला सांगायचं. आवाज न हलवता जी पायऱ्या चढेल ती पथकात. बाकीच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. जूनमधे शाळा उघडली की पंधरा दिवस शाळेचं पिण्याचं पाणी अशा रीतीने भरलं जायचं, आणि आमचा शिपाई बाईंना देव मानायचा. कुणा पालकाने विचारलं तर म्हणायच्या, "गळ्यातनं गानारी चार वर्षांत थकते. पोटातनं गानारी म्हातारी झाली तरी गाते."

आणि त्यांची विचारण्याची खोड. भेटेल त्या माणसाला एकच प्रश्न: काम करताना काय म्हणता? कल्हईवाला, स्टेशनवरचा हमाल, डांबर ओतणाऱ्या बायका, नेरळहून अंडी घेऊन येणारा खान चाचा, कुणीही सुटलं नाही. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की मी काही म्हणत नाही, शिव्या देतो. भोईरबाईंनी त्याला स्टोव्ह होईपर्यंत शिव्या द्यायला लावल्या आणि कुठल्या शिवीला हात जोरात पडतो ते बघून ठेवलं. पुढच्या स्नेहसंमेलनातल्या एका प्रार्थनागीतात तो ठेका होता हे फक्त मला ठाऊक आहे.

तर या विचारण्यामुळे त्यांची ख्याती झाली होती ती जुनी गाणी गोळा करणाऱ्या बाई म्हणून. दर संमेलनात त्यांच्या मुली एक नवं "जुनं" गाणं म्हणायच्या. हे चौक गावच्या कातकरणींकडून, ते कडावच्या जात्यावरचं, आणि सगळ्यांत गाजलेली तीन गाणी साजगावच्या चांगुणाआजीकडून. चांगुणाआजीचं वर्णन बाई फार सुरेख करायच्या. एका डोळ्याने अधू, तपकीर ओढणारी, गाणं सांगायच्या आधी हात धुणारी. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा भाषणात चांगुणाआजीला वंदन केलं होतं.

माझी नणंद साजगावात राहायची. नवरा तिथल्या कारखान्यात. एका मे महिन्यात मी तिच्याकडे आठ दिवस गेले होते, तेव्हा हौसेने म्हटलं, आजीला भेटून यावं आणि भोईरबाईंचा नमस्कार सांगावा. नणंदेबरोबर तीन आळ्या पालथ्या घातल्या. एका डोळ्याने अधू असलेली म्हातारी एक होती, ती तपकीर ओढत नव्हती. तपकीर ओढणाऱ्या चार निघाल्या, त्यांतली एकही गात नव्हती. शेवटी विहिरीवरच्या बायका कंटाळून म्हणाल्या, "चांगुणा म्हनून आमच्या गावात कुनी झाली नाय, ताई. तुमाला पत्त्यात गफलत झाली."

गणितात उत्तर जमेना की मी आधी दिलेली माहिती तपासते. जूनमधे शाळा उघडली त्या दिवशी मी भोईरबाईंना गाठलं आणि सांगितलं की साजगावला जाऊन आले, चांगुणाआजी काही सापडली नाही.

त्यांनी अंबाड्यातला गजरा नीट खोचला. मग म्हणाल्या, "मलापन नाय सापडली. म्हनून मीच केली."

मला वाटलं होतं, रडतील किंवा रागावतील. त्यांना उलट बरं वाटलेलं दिसलं. मला ओढत विहिरीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी संमेलनात स्वतः केलेलं गाणं बसवलं होतं आणि तसं मुलींनाही सांगितलं होतं. मुली तोंडावर पदर धरून गायल्या. बाईंनी केलेलं गाणं म्हणजे काहीतरी गंमतच. तेव्हाचे मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणाले, आमच्या बाई कविताबिविता करतात हो, आणि पहिल्या रांगेत हशा पिकला. घरी भाऊ म्हणाला, गाणी काय, कुनीपन जोडतं. पुढच्या वर्षी बाईंनी तीच चाल घेतली, शब्द बदलले, आणि सांगितलं की हे कडावच्या एका म्हातारीचं, शंभर वर्षांपूर्वीचं. त्याच मुली डोळे मिटून गायल्या. त्याच पहिल्या रांगेने माना डोलावल्या.

"तवापास्नं मी म्हाताऱ्या शोधते," त्या म्हणाल्या. "एक गानं झालं की एक म्हातारी. चांगुणा मला आवडली म्हनून तिला तीन दिली."

मी विचारलं, मग आतापर्यंतची किती तुमची? त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. सगळीच त्यांची होती. मला हसूही आलं आणि भयंकर रागही आला. राग त्या हसणाऱ्या पहिल्या रांगेचा होता, आणि भोईरबाईंचाही होता. मी म्हटलं, ही चोरी आहे, फक्त उलटी. त्यांना ते फार आवडलं. पण सांगून टाका म्हटलं की मान हलवायच्या. "मुली गात नायत मग," एवढंच उत्तर.

इंदूरच्या सुमनताई कर्जतला आल्या होत्या भाचीच्या लग्नाला. शाळेमागच्या डॉक्टरांकडे उतरल्या होत्या. खिडकीतून तालीम ऐकू आली, तशा उठून वही घेऊन थेट वर्गात येऊन बसल्या. त्या तिकडे बायकांचं चाळीस जणींचं समूहगान पथक चालवायच्या. गाणं होतं भातलावणीचं:

मागं मागं सर गं बाई, पुढं हिरवं ऱ्हाऊ दे
पाय काढ चिखलातला, हात पान्यात जाऊ दे

लावणी करणारी बाई वाकून मागे मागे सरकत जाते आणि तिच्यासमोर रोपं उभी राहत जातात, तेवढंच त्यात होतं. सुमनताईंनी त्याचं स्वरलेखन करून घेतलं आणि विचारलं, हे कुणाचं? भोईरबाईंच्या तोंडून सवयीने गेलं, साजगावच्या चांगुणाआजीचं. मी आडोशाच्या पलीकडे होते. खडू मोडला माझ्या हातातला.

वर्षभराने पत्र आलं. शेतातली आणि जात्यावरची बारा जुनी गाणी इंदूरमधे एका कार्यक्रमात सादर होणार होती, आणि शेवटचं गाणं आमचं होतं. संग्राहिका म्हणून भोईरबाईंना सन्मानाने बोलावणं होतं, तालमीला दोन दिवस आधी, सोबत कुणी आलं तरी हरकत नाही. मुख्याध्यापकांनी सूचना काढून शाळाभर फिरवली. परंपरेचं जतन वगैरे. भोईरबाई रजेचा अर्ज लिहायला माझ्या शेजारी बसल्या. चाळीस बायका एका वेळी आपलं गाणं म्हणणार, हे त्यांनी मला त्या दिवसात दहादा तरी सांगितलं. त्यांच्या पथकात कधी बारा-तेराच्या वर मुली झाल्या नव्हत्या.

कल्याणला गाडी बदलून सकाळी खांडव्याला उतरलो आणि तिथून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. भोईरबाई कल्याणच्या पलीकडे आयुष्यात गेल्या नव्हत्या. भीती वाटावी तर यांचे डोळे लहान पोरीसारखे सगळीकडे. डब्यात निमाडातल्या चार बायका होत्या. यांचं हिंदी म्हणजे मराठीला "है" जोडलेलं, पण अर्ध्या तासात कापूस वेचताना काय म्हणतात ते त्या बायकांकडून काढून घेतलं, आणि बदल्यात दोन गाणी देऊन टाकली. त्यांनी विचारलं, ही कुणाची? मी भोईरबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुढे घाटाआधी गाडी थांबली तेव्हा गार्डाला विचारून आल्या की इथेपण मागून ढकलायला इंजिन लावतात का. कर्जतच्या माणसाला घाट म्हटलं की पहिलं तेच आठवतं.

परत येऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "शिंदेबाय, मी तितं सांगनार हाय."

"काय?"

"गानी माझी हायत म्हनून. तितं मला कुनी वळखत नाय. तितं हसले तर हसले."

मी म्हटलं, उत्तम. आज संध्याकाळीच सांगा. त्या म्हणाल्या, हो, आजच.

त्या संध्याकाळी सांगितलं नाही. टांगेवाल्याला विचारलं की घोडा चालताना तो काय म्हणतो. सुमनताईंच्या स्वयंपाकीणबाईंना विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आले, वर बडीशेप आणि शेव, शेजारी जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी बघून मी आधी पोहे संपवले. भोईरबाईंनी एक पोहा बोटात धरून उजेडात बघितला, भात कुठला, कांडला कसा, भिजवला किती वेळ, सगळं विचारलं. सुमनताई हसून उत्तरं देत होत्या. गोरी, शांत बाई, एकही शब्द जास्त नाही. मी जिन्यात भोईरबाईंना गाठलं आणि म्हटलं, सगळ्या गावाला प्रश्न विचारून झाले, आता एक उत्तर द्या. त्या म्हणाल्या, "आदी गानं ऐकू दे."

तालीम एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. चाळीस बायका, कुणी डॉक्टरीण, कुणी प्राध्यापिका, बहुतेक गृहिणी. हातात एकसारख्या वह्या, दोन तंबोरे, पेटी. आमचं गाणं सुरू झालं. मला तर ते फार छान वाटलं, स्वच्छ, एका आवाजात. पण शेजारी बघितलं तर भोईरबाईंचा चेहरा असा झाला होता की आपल्या मुलीची वेणी दुसऱ्या कुणीतरी घालावी आणि ती नीटच असावी, पण आपली नसावी.

गाणं संपल्यावर सुमनताईंनी विचारलं, कसं वाटलं? भोईरबाई उठल्या. म्हणाल्या, "उभं ऱ्हाऊन हे गानं येत नाय."

मग पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, वह्या खाली ठेवायला लावल्या, पदर खोचायला लावले. आठ-आठ जणींच्या पाच ओळी केल्या. वाका म्हणाल्या. डावा हात गुडघ्यावर, तिथे रोपांची मूठ आहे. उजवा हात पाण्यात. आता मागे सरा. इंदूरच्या त्या चांगल्या घरच्या बायका इस्त्रीच्या साड्यांत वाकून मागे मागे सरकायला लागल्या आणि एकमेकींवर आदळल्या. हसण्याचा कल्लोळ झाला. एक प्राध्यापिका तर खालीच बसल्या. भोईरबाई ओळीओळीतून फिरत होत्या, एकेकीच्या घोट्याला हात लावून सांगत होत्या, पाय असा नाय निघत, चिखल सोडत नाय त्याला, हळू. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा हसणं थांबलं. "पाय काढ" या शब्दांवर सगळ्यांचा आवाज आपोआप जड झाला, ओढला गेला, आणि पुढच्या "हात पान्यात" ला सैल सुटला. मला सूर कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. भोईरबाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सुमनताईही हलल्या होत्या. जवळ येऊन त्यांनी भोईरबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "उद्या हे गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही स्टेजवरून चांगुणाआजींबद्दल चार शब्द सांगाल का?"

"चांगुणाआजी नाय," भोईरबाई म्हणाल्या.

"अरेरे. गेल्या का?"

"नव्हतीच."

"मग हे गाणं कुणाचं?"

"माझं."

सुमनताईंनी हात सोडला नाही. मग आम्हा दोघींना आतल्या खोलीत नेलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं की नक्की का, आणि भोईरबाईंनी सगळं सांगितलं, पहिल्या रांगेच्या हशापासून तपकिरीपर्यंत. सुमनताईंनी छापलेली कार्यक्रमपत्रिका पुढे ठेवली. बाराव्या क्रमांकावर होतं: भातलावणीचे पारंपरिक गीत, कुलाबा जिल्हा, संग्राहिका श्रीमती सुलोचना भोईर. त्या म्हणाल्या की बाराही गाणी जुनी आहेत असं मी लोकांना सांगितलं आहे. बाकीची अकरा मी गावोगाव फिरून आणली, दोन-दोन ठिकाणी पडताळून घेतली. तुमच्यावर मात्र विश्वास ठेवला.

मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "गाणं तुमचं आहे असं तुम्ही म्हणालात, तर मी ते मानते. पण मग ते उद्या म्हणता येणार नाही. आणि तुम्ही काही बोलला नाहीत असं समजायचं असेल, तर मी काही ऐकलं नाही. शेवटचं गाणं तेच होईल. आज चारपर्यंत सांगा."

यात मला त्यांचा राग करता येईना. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि सरळ गोष्ट मला समजते.

बाहेर शाळेची बाग होती. भोईरबाई फिरायला लागल्या, मी मागे मागे. आणि इथे मला स्वतःची लाज वाटते ती लिहायला हवी. दोन वर्षं सांगून टाका, सांगून टाका म्हणून त्यांच्या मागे लागलेली मी, त्या घडीला म्हणाले की गाऊ द्या हो. चाळीस बायका पुन्हा कुठे मिळणार? नाव घेऊन काय करायचंय? शाळेत मुख्याध्यापकांना काय सांगणार? चारच्या आत जाऊन म्हणा, चुकून बोलले.

त्या कुंपणापर्यंत जाऊन परत आल्या.

"शिंदेबाय, तुमी गनित शिकवता. एका पोरीनं उत्तर बरोबर काडलं, आनि बाईला सांगितलं, मी शेजारनीचं बगून लिवलं. मार्क कुनाला द्याल?"

"असं कोण सांगेल?"

"मी सांगितलं. पंदरा वर्षं सांगितलं." त्या पुन्हा कुंपणाकडे वळल्या. "शेजारीन तर नव्हतीच. मंग ते मार्क गेले कुठं?"

 पावणेचारला त्या आत गेल्या आणि सांगून आल्या की गाणं काढा.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. अकरा गाणी झाली. भोईरबाई प्रत्येक गाण्याला पुढे झुकून ऐकत होत्या, मधेच माझ्या कानाशी लागून, हे दळताना नाही, कांडताना म्हणत असणार, असलं काहीतरी सांगत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होते, ते काही दिसेना. अकरावं संपलं. सुमनताईंनी नमस्कार केला आणि पडदा पडला. कुणी काही जाहीर केलं नाही. माझ्या मागची एक बाई पत्रिकेने वारा घेत शेजारणीला म्हणाली की बारावं राहिलं वाटतं, आणि शेजारीण म्हणाली, वेळ झाला असेल.

लोक उठले तरी भोईरबाई बसून होत्या. मग म्हणाल्या, "शेवटाला तेच पायजे व्हतं गं." त्यांनी मला गं म्हटलं ते एवढं एकदाच. मी त्यांचा हात धरला. त्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

 परतीच्या गाडीत त्यांनी अख्ख्या डब्यात कुणालाही काही विचारलं नाही. मला सारखं वाटत होतं की आपण यांना बोलायला लावून यांचं नुकसान केलं. मुख्याध्यापकांना काय सांगायचं याचे मी तीन मसुदे मनात तयार केले. भोईरबाईंना ते लागले नाहीत. सोमवारी शाळा भरायच्या आधीच त्या ऑफिसात गेल्या आणि दहा मिनिटांनी बाहेर आल्या. मुख्याध्यापक काय म्हणाले ते विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय. पानी मागवलं त्यांनी."

तिसऱ्या तासाला त्यांच्याकडे नववीचा वर्ग होता. पलीकडे माझा भूमितीचा तास. मी फळ्यावर त्रिकोण काढला आणि तसाच ठेवला. आडोशातून सगळं ऐकू येत होतं. भोईरबाई आपल्या वर्गातल्या पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "मुलींनो, चांगुणाआजी नावाची कुणी बाई नाही. कधीच नव्हती. तुम्ही म्हणता ती सगळी गाणी मी केलेली आहेत."

 मग कुठूनतरी ते आलं, तोंडावर ओढणी धरून केलेलं, दाबलेलं हसू. एकीचं, मग आणखी दोघींचं.  मी आडोशाच्या कडेला गेले आणि फटीतून बघितलं. बाई टेबलाशी उभ्या होत्या, एक हात टेबलावर, आणि ते हसू संपायची वाट बघत होत्या.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. कडावच्या बाजूची, शेतकऱ्याची. हसत नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसत होती.

"बाई, मंग ती लावनीच्या गान्यातली ओळ बदलाल का?"

"कुठली?"

"पाय काढ चिखलातला. लय ओढावी लागते. वाकल्यावर पोट दबतं, तितं दम पुरत नाय. आमच्या आईनं शेतात म्हनून बगितलं, ती पन तितंच तुटली."

इंदूरला ज्या ओळीवर माझ्या अंगावर काटा आला होता ती ही ओळ. तिथल्या बायकांना दम लागला होता, तो आम्ही वयाचा समजलो होतो.

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

"आजीचं गानं म्हनून. जुनं कसं बदलायचं?"

"आई काय म्हणाली तुझी?"

मुलगी घुटमळली. "म्हनाली, ही आजी जन्मात कधी लावनीला गेली नसंल."

आता हसणाऱ्या मुलींनीही तोंडावरच्या ओढण्या खाली केल्या. भोईरबाईंना लहानपणी शाळेत घातलं ते त्या पुढे शिकतच गेल्या. लावणीच्या दिवसांत त्या बांधावर भाकऱ्या पोचवायला जायच्या, खाचरात उतरल्या नव्हत्या. हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, आता झालं. इंदूरचं ते एकवेळ सोसलं, हे नाही सोसायचं.

भोईरबाई टेबलामागून पुढे आल्या. त्यांचे डोळे तसेच झाले होते, खांडव्याच्या पुढे गाडीत झाले होते तसे.

"खरं बोलली तुजी आई," त्या म्हणाल्या. वर्गात त्या पहिल्यांदाच अशा बोलल्या असतील. "पुढं ये. वाक. म्हन, कुठं तुटतंय ते मला बगू दे."

मुलगी पुढे आली आणि वाकून म्हणायला लागली. भोईरबाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या, कान तिच्या तोंडाशी, एक हात तिच्या पोटावर. "चिखलातला" वर आवाज तुटला.

पुढच्याच जूनमधे माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही कर्जत सोडलं. नंतर पत्रं आली-गेली, भेट झाली नाही. ते गाणं शेवटी कसं ठरलं हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मला कळलं नसतं. भोईरबाई म्हटलं की मला त्या तिथेच दिसतात, फरशीवर, पदर खोचलेला, सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतोय आणि त्या कुणाकडेच बघत नाहीत. माझ्या मुलींनी मागून हाक मारली, बाई, त्रिकोणाचं काय? मी हातानेच त्यांना थांबायला सांगितलं.

"परत म्हन," भोईरबाई त्या मुलीला म्हणत होत्या. "घाई नको. परत म्हन."